कौलं उतरवण्याआधी

वसई रोडला पश्चिमेकडे उतरलं की आधी रिक्षांची रांग लागते, मग अंबाडी रोडची दुकानं आणि दुकानांच्या डोक्यावर मजल्यांवर मजले. या गर्दीला गाव म्हणायला जीभ रेटत नाही. पण हमरस्ता सोडून माणिकपूरच्या चर्चकडे आत वळलं, की दोन इमारतींच्या फटीतून मध्येच एखादं कौलारू घर समोर येतं. पुढे ओटा, ओट्यावर लाकडी खांब, अंगणात क्रूस, बाजूला विहीर. दार बहुतेक वेळा बंद असतं. चौकशी केली तर कळतं, मालक दोन आळ्यांपलीकडच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि दिवाबत्तीपुरते येऊन जातात.

अशा प्रत्येक घरामागे हल्ली एक स्वप्न असतं. घरातला कुणी मुलगा किंवा पुतण्या गोव्याला जाऊन आलेला असतो. तिथे जुन्या घरातल्या खोलीचे त्याने एका रात्रीचे जे पैसे मोजलेले असतात, ते त्याच्या डोक्यात घर करून बसलेले असतात. तो म्हणतो, आपलं घर काय वाईट आहे? रंगरंगोटी करू, चार खोल्या काढू, छोटंसं हॉटेल टाकू. घर वाचेल, वर चार पैसेही सुटतील. वसईत ही भाषा लग्नाच्या मांडवात ऐकू येते, चर्चच्या आवारात ऐकू येते आणि बिल्डरचा माणूस दारात येऊन गेला की त्या संध्याकाळी तर हमखास ऐकू येते.

या स्वप्नाला हसण्यात अर्थ नाही. जुनं राहतं घर वाचवण्याचे मार्ग मुळात थोडे आहेत, आणि त्यातला हा एक खरा मार्ग आहे. पण तो कुठे सुरू होतो आणि कुठे अडतो, हे कौलं उतरवण्याआधी नीट पाहून घ्यायला हवं.

एका छपराची कुंडली

माणिकपुरातलं असंच एक घर एका निवृत्त शिक्षकांचं आहे. नाव छापू नका म्हणाले. कारण साधं होतं : "भावंडांत बोलणी चालू आहेत. छापून आलं की उगाच गैरसमज." त्यांना आपण सर म्हणू. गावही त्यांना सरच म्हणतं.

सरांच्या घराचं साल कुणी लिहून ठेवलेलं नाही. आजोबांच्या वडिलांनी बांधलं, एवढंच घरात ठाऊक. मग वय काढायचं कसं? सरांनी ओट्यावर एक उतरवलेलं कौल आणून ठेवलं आणि पालथं केलं. पाठीवर कारखान्याचा ठसा होता. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात काढला. त्याआधी कोकणपट्टीत छपरं होती ती नळीच्या कौलांची, नाहीतर गवताची. म्हणजे सरांच्या घराचं आजचं छप्पर १८६५ नंतरचं, हे नक्की. भिंती त्याहून जुन्या असू शकतात.

याच सुमारास वसईच्या नशिबात आणखी एक गोष्ट आली. बीबीसीआय रेल्वेची उत्राण ते ग्रँट रोड ही गाडी २८ नोव्हेंबर १८६४ रोजी सुरू झाली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. वसईची केळी, पानं, फुलं आणि भाजी रोजच्या रोज मुंबईच्या बाजारात पोचू लागली. वाडीवाल्याच्या हातात रोकड आली. सागवानी तुळया, विटांच्या जाड भिंती आणि मंगळुरी कौलं यांत त्या रोकडीचा वाटा मोठा आहे. ही घरं काही सरदारांचे वाडे नव्हेत. केळीच्या घडांनी आणि पानांच्या कवळ्यांनी बांधलेली ती शेतकऱ्यांची घरं आहेत, आणि हॉटेलचा हिशोब मांडताना हे विसरून चालत नाही. कारण शेतकऱ्याच्या घरात दालनं नसतात. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, एखादी बाळंतिणीची खोली आणि वर धान्याचा माळा, एवढाच पसारा असतो.

सर मला माळ्यावर घेऊन गेले. हातात एक लांब खिळा. तुळईच्या मध्यावर त्यांनी तो टोचला, लाकडाने दाद दिली नाही. मग जिथे तुळई भिंतीत रुतते तिथे टोचला, आणि खिळा बोटाएवढा आत गेला. "सगळी तुळई ठणठणीत आहे," ते म्हणाले, "फक्त टोकं गेलीत." जुन्या घरांचं दुखणं बहुधा इथूनच सुरू होतं. कौल सरकतं, पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं, भिंत ओल धरते आणि भिंतीतलं लाकूड गुपचूप कुजतं. वाळवी मागाहून येते. पूर्वी दर उन्हाळ्याच्या अखेरीस घर शाकारलं जाई. फुटकी कौलं बदलली जात, रीपा बघितल्या जात. शाकारणारे हात कमी झाले, घरात राहणारे हात त्याहून कमी झाले, आणि दोन-तीन पावसाळे असेच गेले की शंभर-सव्वाशे वर्षांचं घर मोडकळीला येतं.

गाव कधी शहर झालं

माणिकपूर हे काही परवा वसलेलं उपनगर नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चची स्थापना १६०६ सालची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा या चर्चला सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. पुढे पेशवाई गेली, इंग्रज आले, गाडी आली, पण माणिकपूर बराच काळ वाड्या, बावखलं (गोड्या पाण्याची तळी) आणि राहाटांचंच राहिलं.

बदल झाला तो गेल्या चाळीसएक वर्षांत. मुंबईत घर न परवडणारा माणूस विरारच्या गाडीने उत्तरेला सरकला आणि स्टेशनला खेटून असलेल्या नवघर-माणिकपुरावर त्याचा पहिला भार पडला. २००१ च्या जनगणनेत नवघर-माणिकपूरची लोकसंख्या एक लाख सोळा हजारांवर होती. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांच्या पुढे गेली होती.

या लोंढ्यापुढे वसईकर गप्प बसले नव्हते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना ओळखणारे पुष्कळ असतील. वसईला ते आधी रस्त्यावर उतरलेले फादर म्हणून माहीत होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्या चळवळीने शेतं, वाड्या आणि पाणी यांच्यासाठी झुंज दिली. झाडांसाठी माणसं एकत्र आली, कारण हिरवा पट्टा सगळ्यांचा होता. राहतं घर मात्र ज्याचं त्याचं. ते पाडायचं की ठेवायचं, याचा निर्णय ज्याच्या त्याच्या माजघरात झाला, आणि बहुतेक माजघरांत तो पाडण्याच्या बाजूने लागला.

वीस सह्यांचं घर

असं का झालं? पैशाची हाव, असं झटकन उत्तर देता येतं. ते अर्धवट आहे.

माणिकपुरातली बरीच जुनी घरं ख्रिस्ती कुटुंबांची. त्यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे आणि मुली यांच्यात सारखे. मुलींना समान हक्क देणारा हा कायदा न्यायाचाच आहे. पण मृत्युपत्र करण्याची सवय नसलेल्या घरात दोन पिढ्या गेल्या की काय होतं ते बघा. आजोबांना पाच मुलं, त्या प्रत्येकाला चार, म्हणजे वीस वारस. त्यातले दोघे कॅनडात, तिघे आखातात, एक मुंबईत, एकाचा पत्ताच लागत नाही. मिळकत पत्रिकेवर नाव अजून आजोबांचंच. परदेशातल्या भावाचं मुखत्यारपत्र हवं तर वकिलातीतून साक्षांकन. बहीण हक्कसोड द्यायला तयार, पण भावजय म्हणते, का द्यायचं? तिचंही चुकत नाही.

अशा वेळी बिल्डर येतो आणि एकच गोष्ट करतो : घराचे वाटे पाडून देतो. एकाला वन बीएचके, दुसऱ्याला टू बीएचके, तिसऱ्याला रोख. फ्लॅटचे वाटे पडतात, माजघराचे पडत नाहीत. जुनं घर हरतं ते या साध्या गणितात. म्हणून हॉटेलचं स्वप्न बघणाऱ्याने पहिला नकाशा वास्तुविशारदाकडून काढून घेऊ नये. पहिला कागद तलाठ्याकडून, भूमापन कार्यालयातून आणि वकिलाकडून आणावा.

सरांच्या घरात सध्या जी बोलणी चालली आहेत ती याच वळणावर आहेत. मालकी सगळ्यांची सगळ्यांकडेच राहील. घर चालवायला एकजण घेईल, नोंदणीकृत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. डागडुजीचा खर्च तो करेल, उत्पन्नातून भावंडांना वर्षाचं ठरलेलं भाडं देईल, आणि घराच्या कुणाही मुलाबाळाचं लग्न निघालं तर त्या आठवड्यात पाहुणे घेणार नाही. हे शेवटचं कलम सरांच्या धाकट्या बहिणीने घालायला लावलं. ती ठाण्याला राहते. "भाड्याचं मला काही पडलं नाही," ती म्हणाली, "पण माझ्या मुलीला हळद याच अंगणात लागली पाहिजे." असा भाडेपट्टा नोंदवायचा असेल तरी आधी वारसनोंद पुरी हवी आणि सगळ्या सह्या हव्यात. बँकही त्याशिवाय कर्जाचं नाव काढू देत नाही.

चुना, सिमेंट आणि न्हाणीघर

समजा सह्या झाल्या. आता डागडुजी.

इथे सगळ्यांत मोठं नुकसान चांगल्या हेतूने होतं. भिंतीला ओल दिसली की गवंडी सांगतो, जुनं खरवडून सिमेंटचा पक्का गिलावा मारू. विटा आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद होते. ती आतच राहते, वर वर चढते, विटांना लोणा लागतो आणि काही वर्षांत सिमेंटचा पापुद्रा विटेचा भुगा घेऊन खाली येतो. म्हणून जुन्या भिंतीला चुनाच. चुना आठवडेन् आठवडे भिजवायचा, वाळू आणि सुरकी घालून मळायचा. जुने कारागीर त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, मेथी किंवा उडीद घालत. किनाऱ्यावर शिंपल्या भाजूनही चुना केला जाई. हे जाणणारी माणसं आज थोडी आहेत आणि त्यांची मजुरी सिमेंटवाल्यापेक्षा जास्त आहे. पण चुन्याचं काम करवून घेण्याची ऐपत नसेल तर काम पुढे ढकलावं. सिमेंट मारू नये.

तुळयांची कुजलेली टोकं कापून तिथे नव्या लाकडाचा सांधा देता येतो किंवा लोखंडी टेकू देता येतो. आख्खी तुळई फेकायची गरज नसते. उतरवलेली कौलं वाजवून बघायची. खणखणीत वाजली ती परत चढवायची. जुन्या सागाला बाजारात भाव आहे, हे मोडीवाल्याला मालकाआधी ठाऊक असतं. त्यामुळे काम चालू असताना घरचं माणूस जागेवर हजर पाहिजे.

खरा पेच न्हाणीघराचा. जुन्या घरात न्हाणी आणि संडास परसात. पाहुण्याला खोलीला जोडून हवं. मग माजघराच्या कोपऱ्यात टाइल्स बसवून पाइप भिंतीत खोदले जातात, आणि जी भिंत शंभर वर्षं पावसाला पुरून उरली ती नळाच्या गळतीने दोन वर्षांत बसते. त्याला उपाय आहे. मागच्या पडवीच्या बाजूला, जुन्या भिंतीवर भार न टाकता, वेगळ्या पायावर न्हाणीघरांची नवी ओळ उभी करायची आणि जुन्या भिंतीत फक्त दार काढायचं. शौचालयाची टाकी विहिरीपासून लांब ठेवायची. वातानुकूलन यंत्राच्या आधी माळ्याची खिडकी उघडी करून बघायची. उंच छपराखाली वारा खेळला तर निदान हिवाळा आणि पावसाळा पंख्यावर निभतो.

आणि पाणी. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीत माणसं अडकली. भराव, बुजलेली बावखलं आणि अडलेले नाले यांचा हिशोब अजून चुकता झालेला नाही. सरांच्या ओट्याला पूर्वी पाच पायऱ्या होत्या. आज दोन दिसतात. घर खचलेलं नाही. दरवेळच्या डांबरीकरणाने रस्ताच वर आला आहे. आता आळीतलं पाणी रस्त्यावरून अंगणात येतं. पाहुण्यांच्या खोल्या काढण्याआधी या घराला अंगणाभोवती चर आणि पाण्याला वाट हवी आहे.

पाटी कुठली लावायची

हॉटेल म्हटलं की लोक 'हेरिटेज हॉटेल' ही पाटी डोळ्यांपुढे आणतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत त्याचे नियम आहेत. इमारत १९५० पूर्वीची हवी आणि निदान पाच खोल्या हव्यात. त्यावरच्या दोन श्रेणींना इमारत १९३५ पूर्वीची आणि खोल्या निदान पंधरा. माणिकपूरच्या घरात पंधरा खोल्या काढायच्या तर घर उरणार नाही. पाच काढायच्या तरी माळा आणि माजघर दोन्हींचे तुकडे करावे लागतील.

त्याच मंत्रालयाची दुसरी योजना या घरांच्या मापाची आहे, 'अतुल्य भारत' निवास-न्याहारीची. एक ते सहा खोल्या, फार तर बारा खाटा. अट एकच महत्त्वाची : मालकाचं कुटुंब त्याच घरात राहतं हवं. राज्याच्या पर्यटन खात्याकडेही निवास-न्याहारीची नोंदणी होते. नोंदणी झाली म्हणून बाकीचं चुकत नाही. न्याहारी देणार तर अन्न परवाना, अग्निसुरक्षेची तजवीज, पाहुण्यांची नोंदवही, आणि परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला. हे सगळं करता येण्यासारखं आहे. पण त्या राहत्या कुटुंबाच्या अटीपाशी बहुतेकांचं स्वप्न ठेचकाळतं. त्यांना हॉटेल हवं असतं. त्या घरात परत राहायला जायचं नसतं.

पैशाचा हिशोब ढोबळ मांडून बघू. चार खोल्या, रात्रीचे अडीच हजार, आणि वर्षातून १२० रात्री सगळ्या खोल्या भरल्या असं धरलं तर वर्षाचे बारा लाख होतात. त्यातून धुणं-पुसणं, न्याहारी, वीज, एका-दोघांचा पगार, नोंदणीच्या संकेतस्थळांची दलाली, शाकारणी आणि भावंडांचं भाडं. जे उरेल त्यात एक कुटुंब नीट राहील आणि छप्पर कोरडं राहील. बिल्डरने देऊ केलेल्या रकमेशी हे उत्पन्न कधीच बरोबरी करणार नाही. ज्याला ती बरोबरी हवी आहे त्याने या वाटेला जाऊ नये. घर राखायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर मात्र हे उत्पन्न घराला पोसू शकतं.

ज्यांनी करून दाखवलं

अशी कामं ज्यांनी केली त्यांच्याकडे बघताना मापाचं भान हवं. पिलाजी जाधवराव यांनी १७१० साली बांधलेली सासवडजवळची जाधवगढी हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी पुन्हा उभी केली. राजस्थानातला नीमराणा किल्ला अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी १९८६ साली पडक्या अवस्थेत घेतला आणि १९९१ साली पाहुण्यांना उघडला. सावंतवाडीच्या राजघराण्याने राजवाड्याच्या आवारात खोल्या काढल्या आणि त्यांची सजावट गंजिफा पत्त्यांवरच्या दशावतारांवर बेतली. हे किल्ले आणि राजवाडे. त्यांच्याकडून माणिकपूरने घ्यावं ते एवढंच : नीमराणा एका दमात उभा राहिला नाही, थोड्या खोल्यांनी सुरुवात झाली आणि आलेल्या पैशांतून पुढचा भाग दुरुस्त होत गेला. सावंतवाडीकरांनी बाहेरून झुंबरं आणली नाहीत. आपल्या घरची कला मांडली.

मापाने जवळचं उदाहरण गिरगावात आहे. खोताच्या वाडीत फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी आपल्या वडिलोपार्जित बंगल्यात पाहुण्यांना खोल्या दिल्या, आणि ते स्वतः त्याच घरात राहत आले. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टएक घरं होती, आता निम्म्याहून कमी उरली आहेत. एका घराने पाहुणे ठेवले म्हणून वाडी वाचली नाही. पण ते घर उभं राहिलं आणि वाडीबद्दल बोलायला लोक तिथे येत राहिले.

गोव्यात केपें इथे होजे पाउलो द आल्मेइदा या डीनने अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला वाडा रुबेन वास्को द गामा आणि त्यांच्या पत्नीने दुरुस्त केला. तिथे पाहुणे घर बघायला आणि आधी सांगून जेवायला येतात. हॉटेल न करताही घर पाहुण्यांवर चालू शकतं, हे वसईने लक्षात ठेवावं. फुगे, इंदेल, केळफुलाची भाजी, राजेळीची सुकेळी आणि तांदळाची भाकरी असं जेवण ओट्यावर वाढता आलं तर एकही खोली न काढता सुरुवात होते. न्हाणीघराचा पेचही मग पुढच्या वर्षावर जातो.

माणिकपुरात उतरणार कोण

सरांना मी हाच प्रश्न विचारला. ते हसले. "माझ्या पुतण्याला वाटतं, पर्यटक. मला वाटतं, आपलीच माणसं."

पर्यटकांना दाखवण्यासारखं काही कमी नाही. वसईचा किल्ला रिक्षाच्या अंतरावर. या भागातला कातळ पोर्तुगीजांनी जहाजाने गोव्याला नेला; जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागातलं कोरीव काम वसईच्या दगडातलं आहे. भारताचे पहिले संत गोन्सालो गार्सिया वसईचे; १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं गेलं, १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. निर्मळचं मंदिर, अर्नाळ्याचा किल्ला, तुंगारेश्वराचं रान, वज्रेश्वरीची गरम कुंडं. तरीही किल्ला बघून मुंबईचा माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मुक्काम करायला त्याला कारण पडत नाही.

सरांची 'आपली माणसं' मात्र मुक्कामालाच येतात. आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेलेले वसईकर नाताळला, मे महिन्यात, लग्नाला आणि चर्चच्या सणाला गावी येतात. त्यांची घरं विकली गेलेली असतात. भावाच्या टू बीएचकेत सासू-सासरे, मुलं आणि बॅगा मावत नाहीत. मग ते महामार्गावरच्या हॉटेलात उतरतात आणि मुलांना गाव दाखवायला रिक्षाने येतात. या माणसाला विहीर असलेलं, ओटा असलेलं, आजीच्या घरासारखं घर आठवडाभर मिळालं तर तो रात्रीच्या दरासाठी घासाघीस करणार नाही. हा बाजार लहान आहे, पण तो दरवर्षी ठरल्या वेळी येतो आणि त्याला जाहिरात लागत नाही. चर्चच्या सूचनाफलकावरची चिठ्ठी पुरते.

एक अडचण उरते. एका घरात चार खोल्या, आणि लग्नाच्या वऱ्हाडाला लागतात वीस. इटलीत याला उत्तर सापडलं. १९७६ साली उत्तरेकडच्या फ्रिउली प्रांतात भूकंप झाला, गावं ओस पडली आणि दुरुस्त केलेल्या रिकाम्या घरांचं करायचं काय, असा प्रश्न उभा राहिला. त्यातून गावभर पसरलेल्या हॉटेलची कल्पना निघाली आणि जानकार्लो दाल्लारा यांनी ती पुढे नेली. दोन खोल्या या घरात, तीन त्या घरात, न्याहारी तिसऱ्याच्या अंगणात, नोंदवही एका ठिकाणी. मालक आपापले, धंदा एकत्र. पोर्तुगालने १९४२ सालापासून सरकारी पैशाने अतिथीगृहांची साखळी उभी केली आणि पुढे जुने मठ आणि किल्ले त्यात आणले. तो मार्ग आपल्या आवाक्यातला नाही. इटलीचा आहे. ज्या गावाने पतपेढ्या आणि सहकारी सोसायट्या चालवल्या, त्या गावाला पाच घरांची एक सोसायटी चालवणं जड नाही.

आधी काय, मग काय

तेव्हा माणिकपुरात, किंवा गास-निर्मळपासून उमेळ्यापर्यंत कुठेही, ज्यांच्या डोक्यात हे स्वप्न आहे त्यांना सांगायचं ते असं. हॉटेल हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. यंदाच्या पावसाळ्याआधी घर शाकारून घ्या. कोरडं घर दहा वर्षं वाट बघू शकतं, गळकं घर दोनही नाही. त्याच उन्हाळ्यात वारसनोंदीचा अर्ज करा आणि सगळ्या भावंडांना, बहिणींना आणि त्यांच्या जोडीदारांना एकदा त्याच ओट्यावर बसवून बोला. घरातलं कुणीतरी तिथे राहायला परत जाणार आहे का, ते स्पष्ट विचारा. कुणीच जाणार नसेल तर या घराचं हॉटेल होणार नाही, हे मान्य करा आणि निदान मोजमापं, नकाशे आणि फोटो काढून ठेवा. कुणी जाणार असेल तर एका जेवणावळीने सुरुवात करा, मग एक खोली, मग दुसरी. सिमेंटला हात लावू नका.

आणि गावाने एक करावं. कुठल्याही सरकारी यादीची वाट न बघता, आळीआळीतली उभी असलेली जुनी घरं मोजावीत. कुठल्या घराला कौल आहे, कुठे विहीर जिवंत आहे, कुठल्या घरात अजून चूल पेटते, हे एका वहीत उतरवावं. चर्चमध्ये बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या जातात. ज्या घरांतून ती मुलं आली त्या घरांची एक वही ठेवणं काही अवघड नाही. हे काम या नाताळात, परदेशातली माणसं गावी असताना, दोन रविवारांत होण्यासारखं आहे. ते कराच.